चढण, माची आणि 'मी' : मराठी दुर्गगद्याची एक चिकित्सा

मराठीत गडकिल्ल्यांविषयी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जे गद्य साठले, त्याला 'दुर्गसाहित्य' असे सोयीचे नाव मिळाले आहे. पण साहित्यप्रकार म्हणून त्याची चिकित्सा करण्याची गरज समीक्षेला क्वचितच वाटली. इतिहासाचे अभ्यासक ते माहितीच्या अचूकतेसाठी तपासतात, डोंगरात जाणारे वाटेच्या तपशिलासाठी वाचतात, आणि समीक्षक 'प्रवासवर्णन' या ऐसपैस सदरात त्याची बोळवण करून मोकळे होतात. चिं. गं. गोगटे यांच्या 'महाराष्ट्र देशांतील किल्ले'पासून गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'पर्यंत आणि तेथून प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे यांच्या पुस्तकांपर्यंत व नियतकालिकांतील असंख्य स्फुट लेखांपर्यंत पसरलेला हा पट लहान नाही. त्यातील माहितीचे मोल निर्विवाद आहे. येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे : या गद्यात गड ही वस्तू कोणत्या क्रियापदाने सिद्ध होते?

स्फुट लेखांपुरते बोलायचे तर ते क्रियापद 'चढणे' हे आहे. पायथ्याचे गाव, तेथे मिळालेला वाटाड्या, पहिली दमछाक, खिंड, कातळात खोदलेल्या पायऱ्या, भग्न दरवाजा, पाण्याचे टाके, माथा, आणि माथ्यावर उसळून येणारी इतिहासाची आठवण, असा या लेखांचा क्रम जवळजवळ विधीसारखा ठरून गेला आहे. कथानकाचा ताण सगळा चढणीत असतो. उतरणे एका वाक्यात उरकते. पुष्कळदा तेवढेही वाक्य खर्ची पडत नाही. कथनमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर घटनाकाळाचा जवळजवळ अर्धा भाग कथनकाळातून गाळला जातो. उतरताना गुडघे अधिक दुखतात, पाय घसरण्याचे भय अधिक असते, हे डोंगरात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही उतरण 'घडत' नाही, कारण तिच्या शेवटी माथा नाही, तर एस.टी.चा थांबा आहे. वाटाड्याचेही असेच. त्याला लेखात 'मामा' किंवा 'दादा' असे नातेवाचक संबोधन मिळते, आणि त्या संबोधनाच्या आपुलकीखाली त्याचे नाव व आडनाव बहुधा बुडून जाते.

दुर्गविषयक लोकपरंपरेत उतरणीची एक कथा मात्र सर्वतोमुखी आहे, ती हिरकणीची. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने अडकते आणि खाली घरी तान्हे मूल असल्याने रात्री कडा उतरून जाते. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. पण आख्यायिका म्हणून तिचे म्हणणे स्पष्ट आहे. रोजच्या कामासाठी गड चढणाऱ्या बाईच्या दृष्टीने चढण ही घटनाच नाही. घटना घडते ती खाली जाण्याची वाट बंद झाल्यावर. आणि या कथेचा शेवटही अर्थपूर्ण आहे : ती जेथून उतरली तेथे बुरूज बांधून ती वाट बंद करण्यात आली. दुर्गगद्यात हिरकणी वारंवार भेटते, पण मातृप्रेमाचे उदाहरण म्हणून. गडाकडे खालून येणाऱ्याच्या नव्हे, तर तेथे नित्य ये-जा करणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची जी शक्यता तिच्या कथेत आहे, ती वापरली जात नाही.

ही शक्यता मराठी गद्याला परकी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यातील दुर्गप्रकरण शासनव्यवहाराचा दस्तऐवज म्हणून नेहमी उद्धृत होते. त्याचे गद्य म्हणून वाचन झाले तर काय दिसते? त्यात चढणारा कोणी नाही. आहे ती वस्ती. बांधकामाआधी पाणी पाहावे, पाणी नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, एकाच टाक्याच्या भरवशावर राहू नये, दरवाजा एकच नसावा, झाडे लावावीत आणि लावलेली राखावीत. केराविषयीही तेथे सूचना आहे : तो गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून तीवर भाजीपाला करावा. राज्याच्या रक्षणाची चर्चा करणारे गद्य परसातल्या भाजीपर्यंत येते, हे त्याचे सामर्थ्य आहे. आज्ञापत्रातील क्रियापदे विध्यर्थी आहेत, करावे, राखावे, पडू न द्यावे. आधुनिक दुर्गलेखनातील क्रियापदे प्रथमपुरुषी भूतकाळातली आहेत, निघालो, चढलो, पोहोचलो. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. विध्यर्थाला उद्याची, परवाची, पुढल्या पावसाळ्याची काळजी असते. भूतकाळी 'पोहोचलो'ला पुढचा दिवस नसतो. आज्ञापत्रही गडाची वाट सुगम नसावी असे सांगते, पण तेथे अवघड वाट ही शत्रूची अडचण आहे. आधुनिक लेखकाने नेमकी शत्रूची ती जागा घेतली आहे आणि त्या अडचणीलाच आपल्या लेखाचा विषय केले आहे, असे म्हटले तर ते विनोदाने म्हटल्यासारखे वाटेल. पण रचनेच्या दृष्टीने वस्तुस्थिती तीच आहे.

आज्ञापत्राच्याही चार शतके मागे गेले की हरिश्चंद्रगड भेटतो. अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात तेथला हा सुमारे 1400 मीटर उंचीचा डोंगर. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे स्थान किल्ला म्हणून नव्हे, तर रचनास्थळ म्हणून आहे. चांगदेवांच्या नावावरील 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके 1234 मध्ये, म्हणजे इसवी सन 1312 मध्ये, येथे सिद्ध झाल्याचा निर्देश त्या ग्रंथातच आहे. स्थळ सांगताना ग्रंथकार तेथली देवता, मंगळगंगा नदी आणि तीर्थ यांची नावे घेतो. कड्याचे नाव नाही, उंचीचे नाही, चढणीचे तर नाहीच. मध्ययुगीन मराठी मनाला डोंगरमाथा हा पाण्याच्या आणि दैवताच्या नात्याने ओळखू येत होता. तो 'गाठण्याचा' बिंदू झालेला नव्हता. केदारेश्वराच्या गुहेतील पाण्याने वेढलेले लिंग, पुष्करणी, खडकात खोदलेली टाकी, देवळाचे उंच शिखर, या सगळ्याची मांडणी पाण्याभोवती आहे, हे तेथे गेलेल्या कुणालाही दिसते.

आधुनिक लेखनात हाच गड ओळखला जातो तो कोकणकड्याने. याचे एक कारण उघड आहे. 1747-48 च्या सुमारास हा गड मोगलांकडून मराठ्यांकडे आला; शिवकाळातील प्रसिद्ध प्रसंग त्याच्या वाट्याला आलेला नाही. माथ्यावर पोहोचताच इतिहास आठवायचा ही जी या साहित्यप्रकाराची रीत आहे, तिची येथे पंचाईत होते. इतिहासाची रिकामी राहिलेली जागा मग निसर्गाच्या रौद्रतेने भरली जाते, आणि त्या भरणीसाठी कर्नल साइक्स उपयोगी पडतो. 1835 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लेखनात त्याने या कड्यावरून दिसलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची, म्हणजे इंद्रवज्राची, नोंद केली आणि तेव्हापासून इंद्रवज्र हे हरिश्चंद्रगडावरील लेखाचे जणू अनिवार्य अंग बनले. या दृश्याचा भौतिक नियम मोठा मार्मिक आहे. खालच्या ढगावर जे वलय उमटते, त्याच्या केंद्रस्थानी पाहणाऱ्याची स्वतःची सावली असते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या डोक्याभोवतीचे वलय दिसते, याला याच्या. एकाचे वलय दुसऱ्याला दाखविता येत नाही. दुर्गगद्यातील 'मी'चे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे.

या 'मी'चा जन्म केव्हा झाला, हे पाहिले पाहिजे. गड ओस पडल्याशिवाय तो 'चढण्याची' वस्तू होऊ शकत नव्हता. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी अनेक गडांचे दरवाजे, तट आणि पायऱ्या सुरुंगांनी उडविल्या. शिबंदी गेली, घेऱ्यातील रामोशी, महार, कोळी, बेरड यांची वतनी कामे हळूहळू अर्थशून्य झाली. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांनी या ओसाड जागांची उंची, वाटा, दरवाजे, टाकी अशी मोजदाद केली, आणि त्या मोजदादीचा सांगाडा मराठी लेखनाने निमूटपणे उचलला. अलंग, मदन, कुलंग यांसारख्या गडांवरील तुटलेले टप्पे आज दोर लावून चढले जातात. लेखात त्यांचे वर्णन निसर्गाचे आव्हान म्हणून येते. वास्तविक तो टप्पा निसर्गाने घडविलेला नाही, तो एका लष्करी हुकमाने तोडलेला आहे. तेथे इतिहास माथ्यावरच्या अवशेषांपेक्षाही अधिक जिवंत आहे. पण 'चढणे' हे क्रियापद हा इतिहास गिळून टाकते आणि त्याचे थरारात रूपांतर करते.

आता वाचकाकडे वळले पाहिजे, कारण कोणताही साहित्यप्रकार त्याच्या अभिप्रेत वाचकाशिवाय टिकत नाही. दुर्गगद्याचा अभिप्रेत वाचक प्रामुख्याने शहरी आहे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तो उत्तरोत्तर उपनगरी होत गेला. मुंबईच्या कांदिवली पश्चिमेकडील चारकोपचे उदाहरण घेता येईल. 1985 पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे लहान लहान भूखंड पाडले गेले, त्यांना पाणी, मलनिःसारण अशा सुविधा दिल्या गेल्या आणि मोकळ्या चौकाभोवती घरे, अशी सेक्टरवार वसाहत उभी राहिली. आराखड्याच्या भाषेत ही जमीन मोकळी होती. चारकोप गाव मात्र त्याआधीपासून तेथे नांदत होते. अशा वसाहतीतून पूर्वेकडे पाहिले तर राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या दिसतील, सह्याद्री दिसत नाही. त्याच्याकडे जायचे तर शनिवारी रात्रीची कसाऱ्याची लोकल, किंवा कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने खुबी फाटा आणि खिरेश्वर. रविवारी रात्री परत, कारण सोमवारी कचेरी आहे. बाख्तिन ज्याला कालावकाश म्हणतो, तो या साहित्यप्रकारात सुट्टीने ठरविलेला आहे. उतरण का गाळली जाते, याचेही एक उत्तर येथे आहे : उतरणीच्या शेवटी सोमवार उभा असतो.

या उपनगरी वाचकाच्या घराण्यात एक-दोन पिढ्यांमागे गाव सुटलेले असते. गावाची ओढ शिल्लक असते आणि गावाशी असलेला व्यवहार, म्हणजे भाऊबंदकीचा दावा, सामाईक सातबारा, कर्ज, जातीची आळी, नकोसा झालेला असतो. गड त्याला गाव वजा करून मिळालेले गाव देतो. तेथे चुलीवरची भाकरी आहे, पण त्या चुलीचा हिशेब नाही. पूर्वज आहेत, पण ते सगळेच मावळे आहेत. या साहित्यप्रकाराच्या लोकप्रियतेचे मूळ केवळ इतिहासप्रेमात शोधणे त्यामुळे अपुरे ठरते. गंमत अशी की, याच वसाहतींच्या चौकांत दिवाळीला मुले जो मातीचा किल्ला करतात, तो या लेखनापेक्षा अधिक भरलेला असतो. माथ्यावर महाराज असतात हे खरे, पण उतारावर हळीव-मोहरी उगवलेली असते, पायथ्याला विहीर, बाजार, भाजीवाली, गवळण, बैलजोडी असते, आणि भाजीवाली बुरुजाहून मोठी असली तरी कुणाची हरकत नसते. मुलांच्या किल्ल्याला गाव लागतेच. आज्ञापत्राशी त्याचे नाते थोरांच्या गद्यापेक्षा जवळचे आहे.

या पार्श्वभूमीवर गो. नी. दांडेकरांचे (1916-1998) स्थान ठरवावे लागेल. ते या प्रकाराचे सर्वांत समर्थ लेखक आहेत आणि त्याच्या मर्यादेबाहेर पाऊल टाकणारेही तेच. 'दुर्गभ्रमणगाथे'तील निवेदक कथेकऱ्याच्या वळणाचा, ओघवता, श्रोत्याचा हात धरून नेणारा. त्याच्या गाथेत गडावरची माणसे नावानिशी येतात, आपुलकीने येतात. पण येतात ती बहुतांशी आतिथ्याच्या प्रसंगात. घर त्यांचे असते, मात्र त्या घरी कोणी येणे हा प्रसंग निवेदकामुळे घडतो. दांडेकरांची भक्ती अस्सल आहे, यात शंका नाही. पण भक्तीला दैवत लागते आणि भक्त लागतो. देवळाच्या आवारात राहणाऱ्याकडे तिचे लक्ष ओझरतेच जाते.

कादंबरीकार दांडेकर मात्र दुसरीकडे जातात. 'माचीवरला बुधा' (1958) ही राजमाचीच्या परिसरातील कादंबरी. मुंबईत मन न रमलेला म्हातारा बुधा परत माचीवर येतो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या सोबतीने राहू लागतो, एवढेच तिचे कथानक. येथे दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली ही की 'मी' गळून पडतो; निवेदन तृतीयपुरुषी होते. दुसरी ही की मुंबईहून डोंगराकडे जाण्याची जी दिशा दुर्गगद्याची आहे, तीच बुधाचीही आहे, पण त्याला परतीची गाडी नाही. त्यामुळे काळ बदलतो. सुट्टीचा काळ जाऊन ऋतूंचा काळ येतो. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले गडप्रेमी लेखकाच्या दृष्टीने गंतव्य असतात. माचीवर राहणाऱ्याच्या दृष्टीने ते ऊन कोठून उतरते आणि ढग कोठे अडतात हे सांगणारे दोन उंचवटे आहेत. दृष्टिबिंदू माथ्यावरून माचीवर आला की चढण ही घटना राहत नाही. दुर्गबांधणीच्या भाषेतही माची हा गडाचा वस्तीचा भाग आहे, आणि दांडेकरांनी शीर्षकात 'गड' न घेता 'माची' घेतली, याला महत्त्व दिले पाहिजे.

तथापि या कादंबरीला पूर्ण गुण देता येत नाहीत. बुधा एकटा आहे. हे एकटेपण त्याला मिळालेले नसून लेखकाने दिलेले आहे, असे वाचताना सतत जाणवते. राजमाचीच्या माचीवर उधेवाडी आहे. तेथे शेती आहे, पाण्याची टंचाई आहे, जंगलखात्याचे नियम आहेत, आज तर गडावर येणाऱ्यांसाठी पिठले-भाकरी रांधून चालणारा व्यवसायही आहे. माचीवरचे जगणे हे असे अनेकांचे, एकमेकांत अडकलेले जगणे असते. बुधाच्या माचीवर झाडाझुडपांना व्यक्तित्व मिळते, शेजाऱ्यांना तितके मिळत नाही. परिव्राजकाची जी वृत्ती दांडेकरांच्या सर्व लेखनात वाहते, घर सोडून गेलेल्या मुलाची, नर्मदा परिक्रमा करणाऱ्याची, तिला येथे म्हाताऱ्याचे रूप मिळाले आहे. 'मी' व्याकरणातून गेला, पण त्याची विरक्ती बुधाच्या अंगावर राहिली. 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांचा समुदाय, त्याचा डोंगर आणि त्याची गाणी प्रत्यक्ष उभी राहतात. तेथे डोंगर चढणे पुन्हा घटना होते, पण ती त्या समुदायाच्या दैवताशी आणि मधमाश्यांशी बांधलेली घटना असते, पाहुण्याची नव्हे. दांडेकरांच्या डोंगरकादंबऱ्यांत हीच सर्वांत कमी रोमँटिक आहे, असे मत येथे नोंदवावेसे वाटते, तिच्यावरील 1977 च्या चित्रपटाने तिला गीतांचा कितीही मोहक साज चढविला असला तरी.

या चिकित्सेला आज वाङ्मयाबाहेरचाही संदर्भ आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांतील अकरा महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत. राजमाची व हरिश्चंद्रगड त्यात नाहीत. वारशाच्या शब्दसंहितेत 'भूप्रदेश' हा शब्द आला, हे स्वागतार्ह आहे, कारण भूप्रदेशात घेरा येतो आणि घेऱ्यात माणसे येतात. परंतु ज्या गद्याने वाचकाच्या मनात गड घडविला, ते गद्य त्याला ओसाडच गड देत आले आहे. अशा वाचकाला गडाखालचे गाव 'सोय' वाटते आणि गडावरचे घर 'अतिक्रमण'. संवर्धनाच्या वादांत हे दोन शब्द ज्या सहजतेने वापरले जातात, तिचे उगमस्थान अंशतः वाङ्मयीन आहे.

घेऱ्यातील माणसांनी स्वतः काही म्हटलेले नाही, असे नाही. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या मावळ-मुळशी भागापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह उभा केला, त्याची संख्या लाखाच्या घरात जाते. तुंग, तिकोना, कोरीगड यांच्या सावलीतली ही गावे. दुर्गगद्य या ओव्यांच्या शेजारी ठेवून वाचले तर पहिली अडचण शब्दार्थाची येईल. 'वाट' हा शब्द दोन्हीकडे आहे. गद्यात वाट माथ्याकडे जाते. ओवीत ती माहेराकडे जाते, बाजाराकडे जाते, डोक्यावर ओझे असताना जाते, आणि तिला माथा नसतो.